खेळातली गाय आटते तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या बारा वर्षांच्या लेकीला ‘स्टोरी ऑफ सीझन्स: अ वंडरफुल लाइफ’ हा शेतीचा व्हिडिओ गेम हवाय. वीस वर्षांपूर्वीच्या खेळाची ही नव्याने घडवलेली आवृत्ती. इंदूरकडच्या सांवेरजवळ तुमच्या सासऱ्यांची शेती आहे, गोठ्यात दोन गाई आहेत, त्यातली एक सात महिन्यांची गाभण आहे. पण लेक तिथे गेली की तासाभरात कंटाळते. पैसे घालावेत का, यातून तिला शेतीचं काही कळेल का, आणि शेवटी नायक मरतो असं ऐकलंय ते या वयात चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी जनावरांचा डॉक्टर. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून अठरा वर्षं झाली. तेव्हापासून सांवेर, हातोद, देपालपूर हाच माझा पट्टा. हा खेळ मी दोनदा खेळलोय. पहिल्यांदा महूला शेवटच्या वर्षाला असताना, मित्राच्या खोलीवर, प्लेस्टेशन टू या खेळाच्या यंत्रावर. दुसऱ्यांदा अलीकडे, घरच्या कॉम्प्युटरवर, माझ्या मुलाला शेजारी बसवून. जुना आणि नवा खेळ दोन्ही हाताखालून गेलेत आणि गोठा तर रोजचाच आहे.

घ्या. हे आधी सांगून टाकतो. पण कशासाठी घ्यायचा आणि कशाची अपेक्षा ठेवायची नाही, ते समजून घ्या, नाहीतर दोन दिवसांत लेक तो बंद करून ठेवेल आणि तुम्हाला पैसे वाया गेल्यासारखे वाटतील.

थोडी पूर्वपीठिका, कारण नावांचा गोंधळ आहे आणि दुकानात चुकीचा खेळ गळ्यात पडू शकतो. ही जपानी मालिका १९९६ साली सुरू झाली. यासुहिरो वादा हे तिचे जनक. गावाकडून टोकियोला आल्यावर मागे सुटलेल्या गावाची ओढ त्यांना या कल्पनेकडे घेऊन गेली. जपानीत तिचं नाव ‘बोकुजो मोनोगातारी’, म्हणजे कुरणाची, गोठ्याची गोष्ट. इंग्रजीत ती बरीच वर्षं ‘हार्व्हेस्ट मून’ नावाने आली. २०१४मध्ये वाटा वेगळ्या झाल्या. ‘हार्व्हेस्ट मून’ हे नाव नात्सुमे या प्रकाशकाकडे राहिलं आणि मूळ मालिका ‘स्टोरी ऑफ सीझन्स’ या नव्या नावाने पुढे गेली. म्हणून आज ‘हार्व्हेस्ट मून’ लिहिलेला नवा खेळ दिसला, तर तो या घराण्यातला नाही. मूळ ‘अ वंडरफुल लाइफ’ जपानात २००३ साली गेमक्यूब या यंत्रावर आला, नंतर प्लेस्टेशन टूवर. आम्ही खेळलो ती आवृत्ती ठिकठिकाणी अडखळायची, गाईंचा कळप पडद्यावर आला की चित्र रखडायचं, तरी पहाटेपर्यंत बसायचो. नवी आवृत्ती जपानात २६ जानेवारी २०२३ला आणि बाकी जगात त्याच वर्षी २७ जूनला आली.

आता मुद्द्याचं, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

शेतीचे खेळ आज चिक्कार आहेत. त्यातल्या बहुतेकांत गाय म्हणजे नळ. विकत आणा, खाऊ घाला, पाठीवरून हात फिरवा, ती मोठी झाली की दूध सुरू, आणि मग ते कायमचं सुरू. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ साली एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला खेळ मला मनापासून आवडतो, आणि ‘हार्व्हेस्ट मून’वरच्या प्रेमातूनच तो जन्माला आला. पण त्यातही गाय न विता वर्षानुवर्षं दूध देते. शहरातल्या मुलांना गाय अशीच ठाऊक असते, त्यामुळे कोणाला काही खटकत नाही. माझ्याकडे शाळेच्या सहलीत आलेल्या मुलांना मी विचारतो, गाय दूध का देते? उत्तर येतं, गाय आहे म्हणून. वासरू झालं म्हणून, हे उत्तर अठरा वर्षांत मोजक्याच मुलांनी दिलंय.

‘अ वंडरफुल लाइफ’मध्ये गाय आटते. सुरुवातीला तुमच्या गोठ्यात एक गाय असते. ती दूध देते, मग दूध कमी होत जातं, आणि एक दिवस तुम्ही बादली घेऊन जाता तर काहीच मिळत नाही. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझा इंजिनिअरिंगवाला मित्र म्हणाला होता की खेळ बिघडलाय. बिघडला नव्हता, गाय भाकड झाली होती. आता तिला गाभण राहू द्यायला हवं. त्यासाठी एकतर वळू पाळायचा, नाहीतर औषध मागवायचं. मग दिवस मोजायचे, तेवढ्या काळात दुसऱ्या कशावर तरी घर चालवायचं, ती व्यायली की वासरू सांभाळायचं, आणि मग पुन्हा दूध. याला आपल्याकडे ‘वेत’ म्हणतात. गाय विकत घेताना शेतकरी वय नंतर विचारतो, आधी विचारतो कितव्या वेताची. पशुपालनाचं सगळं अर्थशास्त्र त्या एका शब्दात आहे, आणि या खेळाने तो शब्द न वापरताच तो पक्का बसवलाय.

प्रत्यक्षातले आकडे सांगतो, म्हणजे लेकीशी बोलताना उपयोगी पडतील. गाय साधारण २८० दिवस गाभण असते, म्हैस ३१०च्या आसपास. चांगली सांभाळलेली गाय व्यायल्यावर सुमारे ३०५ दिवस दूध देते आणि पुढच्या वितीच्या आधी तिला ६० दिवस आटवून विश्रांती द्यायची असते. म्हणजे वर्षाला एक वासरू हवं असेल तर व्यायल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. माज, म्हणजे गाय फळायला तयार असण्याचा काळ, दर २१ दिवसांनी येतो आणि जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. रात्री आला, कोणाच्या लक्षात आला नाही, की गेले २१ दिवस. खाणं तेवढंच, काम तेवढंच, दूध मात्र तेवढं पुढे ढकललं. माझ्या धंद्यातला निम्मा वेळ या हुकलेल्या २१ दिवसांचा हिशेब लावण्यात जातो. खेळात एक ऋतू दहा दिवसांचा, वर्ष चाळीस दिवसांचं, त्यामुळे आकडे अर्थातच आवळलेले आहेत. पण क्रम खरा आहे. आधी वासरू, मग दूध, मग आटणं, मग वाट पाहणं.

आणि एक बारकावा असा की तो पाहून मला महूच्या खोलीवर उठून उभं राहावंसं वाटलं होतं. गाय व्यायली की सुरुवातीला मिळणारं दूध खेळात वेगळं असतं, ते वासराला पाजायचं असतं. हा चीक. आपण मराठी माणसं त्याचा खरवस करतो आणि मलाही तो वेलची-गूळ घातलेला प्राणाहून प्रिय आहे, पण त्यावर पहिला हक्क वासराचा. माणसाच्या बाळाला आईची प्रतिकारशक्ती पोटातच मिळायला सुरुवात होते. गाईच्या वारेतून, म्हणजे पोटात वासराला पोसणाऱ्या आणि व्यायल्यावर गळून पडणाऱ्या झारेतून, ती वासरापर्यंत पोचत नाही. वासरू जन्मतं ते जवळपास उघडं, आणि त्याचं चिलखत चिकात असतं. पहिल्या तासा-दोन तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. जसजसे तास जातात तसतशी आतड्याची ते शोषून घ्यायची ताकद कमी होते आणि दिवसभरात ती संपते.

आमच्या भागात अजून एक जुनी समजूत आहे, वार पडल्याशिवाय वासराला आचळाला लावायचं नाही. वार पडायला सहा-आठ तास लागले तर वासरू तेवढा वेळ उपाशी. खरं तर वासरू चोखायला लागलं की गाईच्या अंगात जे द्रव्य सुटतं त्याने पान्हाही सुटतो आणि वारही लवकर पडायला मदत होते. हातोदकडच्या एका गोठ्यात मी हे समजावताना घरातली आजी माझ्यावर रागावली होती, तिची तीन वासरं हगवणीने गेलेली असूनही. पुढच्या वेळी तिने लगेच पाजलं, आणि ती कालवड आज तिसऱ्या वेताला आहे. जपानातल्या खेळ बनवणाऱ्यांनी चीक वेगळा ठेवला, वासरासाठी ठेवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

या खेळाची ओढ माझ्या मते इथेच आहे. जनावराला जसं वेत असतं, तसं यातल्या माणसांनाही वय असतं. बाकीच्या खेळांत तुम्ही तरुण शेतकरी म्हणून सुरू करता आणि शंभर वर्षं तरुण राहता. इथे प्रकरणं आहेत आणि मधल्या काळात वर्षं उलटतात. तुमचं लग्न होतं, मूल होतं, ते रांगतं, चालतं, फुरंगटतं, मोठं होतं. खेळ ज्या खोऱ्यात घडतो, तिथली माणसं पिकत जातात. तुमच्या वडिलांचे मित्र ताकाकुरा पहिल्या दिवशी तुम्हाला शेत दाखवतात, त्यांनाही तुम्ही वयस्कर होताना पाहता. मुलाने पुढे काय व्हावं हेही तुमच्या हातात पूर्ण नसतं. तुम्ही त्याला कोणाकडे नेता, घरात कुठल्या वस्तू असतात, कोणाशी त्याची गट्टी जमते, त्यावर त्याचा कल ठरत जातो. शेती करेलच असं नाही. आपल्या इंदूरच्या किती मराठी घरांत ही गोष्ट घडलीय सांगा. माळव्यात जमिनी आहेत, आणि मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला.

आता उणिवा. तिथे मी हातचं राखणार नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे मधला रिकामेपणा. पहिलं वर्ष भरगच्च असतं, सगळे चेहरे नवे, गाय नवी, खिशात पैसे नाहीत. दुसऱ्या प्रकरणात मूल येतं, तेही नवं. त्यानंतर गोठा भरलेला, पैसे भरपूर, माणसं तीच, त्यांची वाक्यंही बरीचशी तीच. सकाळी धार, चारा, पाणी, ओढ्याकाठी चक्कर, आणि दुपारी दोनला प्रश्न पडतो की आता काय. पुरातत्त्ववाल्यांच्या खणतीवर जाऊन उकरत बसता येतं, मासे धरता येतात, स्वयंपाक करता येतो. नव्या आवृत्तीत गावकऱ्यांच्या लहानसहान मागण्यांचा फलक लावलाय, प्रसंग वाढवलेत, फोटो काढता येतात, कपडे बदलता येतात. त्याने पोकळी थोडी भरते, पूर्ण नाही. नव्याने बनवताना हात घालायची खरी जागा हीच होती. मूळ खेळाच्या सांगाड्याला धक्का लावायचा नाही असं ठरवलेलं दिसतं, त्यामुळे जुन्याचं मोठेपण आलं आणि जुन्याचं कंटाळवाणेपणही जसंच्या तसं आलं.

दुसरी गोष्ट दिसण्याची. जुन्या खेळाचा रंग मळकट, तपकिरी होता. संध्याकाळ खरोखर संध्याकाळ वाटायची, काहीशी उदास. नवं चित्र स्वच्छ, गोड, गुबगुबीत आहे. मुलांना ते आवडेल, माझ्या मुलाला आवडलंच. पण म्हातारपण आणि मरण सांगणाऱ्या गोष्टीला तो धुळकट उजेडच शोभत होता, असं मला अजून वाटतं. सोयी मात्र चांगल्या केल्यात. कोणाशी किती जवळीक झाली ते आता यादीत हृदयाच्या खुणांनी दिसतं. लग्न कोणाशी करायचं यात स्त्री-पुरुषाची अट नाही. जुन्यात नायक पुरुषच होता आणि मुलींसाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली होती. आता तुमची लेक पहिल्या पडद्यावरच स्वतःसारखी मुलगी निवडू शकते.

लग्नावरून एक सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षाच्या शेवटपर्यंत लग्न झालंच पाहिजे, नाहीतर कथा पुढे सरकत नाही. म्हणजे चाळीस दिवसांत ओळख, मैत्री आणि संसार. एकट्याने सुखाने शेती करणारी बाई किंवा पुरुष या खोऱ्यात मावत नाही. वीस वर्षांनी नव्याने बनवताना हे बदलायला हवं होतं. लेकीशी यावर जरूर बोला.

आता शेतीचं. माझ्या मते गाईच्या बाबतीत हा खेळ जितका खरा आहे, तितकाच पिकाच्या बाबतीत ढिला आहे. टोमॅटो, टरबूज, बटाटे, गाजरं, रताळी लावता येतात. वेगवेगळ्या शेतांची माती कमी-जास्त कसाची आहे, हे छान आहे. पाणी द्यावं लागतं, हेही ठीक. पण ऋतू तारखेने बदलतो. आज वसंत संपला, उद्या सकाळी उन्हाळी बियाणं टाका. माळव्यातला शेतकरी जून महिन्यात ज्या एका निर्णयावर झुरतो, तो इथे नाहीच. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा सल्ला दरवर्षी असतो की किमान १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेजाऱ्याने पन्नासवर पेरलं, त्याचं हिरवं दिसायला लागलं, तुमच्या पोटात गोळा. मग पंधरा दिवस पाऊस गायब झाला की त्याच्यावर दुबार पेरणी, आणि पाऊस राहिला तर तो तुमच्या पुढे. सासऱ्यांना विचारा, असे किती जून त्यांनी काढलेत. ‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’ असं आपल्याकडे म्हणतात, पण त्या रोटीमागची ही धाकधूक खेळात शून्य आहे. बाजारही कधी पडत नाही. दुधाला प्रत आहे, चांगल्या गाईच्या चांगल्या दुधाला जास्त पैसे मिळतात. आपल्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून भाव ठरतो, त्याच्याशी ते जुळतं. पण पेंड महागली आणि दूध उतरलं, असा महिना त्या खोऱ्यात उगवत नाही.

खेळात टार्टन नावाचं बोलणारं दोन तोंडांचं झाड आहे. त्याला दोन पिकं द्यायची, ते संकरित बी देतं. टोमॅटो आणि खरबुजाचासुद्धा संकर होतो. मुलांना यात फार गंमत वाटते आणि वाटू द्या, फक्त हे कल्पनेतलं आहे एवढं सांगा. खरा संकर एकाच जातीच्या किंवा फार जवळच्या नात्यातल्या वाणांचा होतो.

शेण नाही. हे मला इंदूरचा माणूस म्हणून सगळ्यात जास्त लागलं. एवढ्या गाई, एवढी शेतं, आणि दोघांना जोडणारी गोष्टच गायब. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ साली इंदूरला आले आणि १९३१पर्यंत इथे राहिले. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे त्यांची संस्था होती. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओलावा ठेवायचा, ठरावीक दिवसांनी उलटायचे, आणि तीन महिन्यांत खत तयार. जगभर ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आपल्या शहराच्या नावाने. आपल्या मुलांना ते शाळेत कोणी सांगत नाही. ज्या खेळात जन्म आहे, आटणं आहे, म्हातारपण आहे, त्यात शेणाचं पुन्हा मातीत जाणं असतं, तर चक्र पुरं झालं असतं. खेळ घेतलात तर एका रविवारी आजोबांच्या उकिरड्यापाशी लेकीला उभं करा, वरचा थर काठीने बाजूला करा आणि आतली वाफ हाताला लागू द्या. थंडीच्या दिवसांत तर ती डोळ्यांनी दिसते.

आणि गोऱ्हा. खेळात नर वासरू झालं तर विकून टाका, विषय संपला. प्रत्यक्षात ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम उरलं नाही. आपल्या माळवी बैलाची काळ्या मातीत ओढण्याची ताकद वाखाणली जायची, आता पोळ्याला सजवायला जोडी शोधावी लागते. गोऱ्हा झाला की शेतकऱ्याचा चेहरा पडतो, आणि रस्त्यावर फिरणाऱ्या जनावरांत त्यांची भर पडते. फक्त कालवडीच व्हाव्यात म्हणून लिंग वेगळं केलेलं वीर्य आता मिळतं, मी ते वापरतोही. हा प्रश्न खेळात असावा अशी माझी मागणी नाही. पण ‘विका’ हे बटण दाबताना मुलाने मला विचारलं, बाबा, तो कुठे जातो? खेळाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही चटकन नव्हतं. रात्री जेवताना आम्ही त्यावर बराच वेळ बोललो.

आता तुमचा शेवटचा, मरणाचा प्रश्न. हो, शेवटी नायक मरतो. त्याच्याही आधी, पहिलं वर्ष संपून दुसरं प्रकरण सुरू होतं तेव्हा, नीना नावाची एक म्हातारी बाई गेलेली असते. गेलन हा तिचा नवरा एकटा उरतो. आदल्या वर्षभर ती दोघं कायम सोबत दिसायची. पडद्यावर रडारड नाही, मोठा प्रसंग नाही, पुढच्या प्रकरणात ती नाही, एवढंच. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने दोन दिवस तिला खोऱ्यात शोधलं, कारण त्याला वाटलं ती कुठेतरी गेली असेल. तिसऱ्या दिवशी तो आपणहून गेलनसाठी फूल घेऊन गेला. मी काही बोललो नाही.

बारा वर्षांच्या मुलीला हे झेपेल असं मला वाटतं. हिंसा नाही, रक्त नाही, भीती दाखवणं नाही. मात्र तुमच्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल, तर थोडे महिने थांबा. आणि नायकाच्या मरणाचं आधी सांगून ठेवू नका असं अनेकजण म्हणतात, मी उलट म्हणेन. सांगा. माझ्या मुलाला शेवट माहीत होता, म्हणूनच त्याने शेवटच्या प्रकरणातले दिवस घाईने उडवले नाहीत. प्रत्येक गाईपाशी थांबून तो तिला नावाने हाक मारायचा.

विकत घेण्याबद्दल. कॉम्प्युटर असेल तर स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घ्या. स्विच, प्लेस्टेशन फाइव्ह आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांवरही आहे, पण फक्त यासाठी यंत्र घेऊ नका. घाई नसेल तर स्टीमवर सवलतीचे दिवस वर्षातून बऱ्याचदा येतात, तेव्हा घ्या. पूर्ण किमतीला हा खेळ मला जरा महाग वाटतो, कारण मधला रिकामा भाग. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात, पण त्यावर निर्णय सोपवू नका. या खेळाचे पहिले दोन तास सगळ्यात संथ आहेत आणि गाय आटते ती पुष्कळ नंतर. मराठी किंवा हिंदी भाषेचा पर्याय नाही, इंग्रजी सोपं आहे, बारा वर्षांच्या मुलीला जमेल. रोज खेळातले एक-दोन दिवसच खेळायला द्या. एका बैठकीत वर्ष उरकलं की वाट पाहणं उरत नाही, आणि वाट पाहण्यावरच तर सगळा खेळ उभा आहे.

आता सांवेरच्या गाईचं. सात महिने झालेत म्हणता, म्हणजे अजून दोन महिने आणि वर थोडे दिवस. ती अजून दूध देत असेल तर आताच आटवायला हवी, या आठवड्यात सासऱ्यांशी बोला. कसं आटवायचं ते मी फोनवर सांगेन. आचळात भरायचं औषधही लागेल. खेळ या दोन महिन्यांत घेतलात तर बरं, लेक खेळातल्या गाईचे दिवस मोजत असेल तेव्हा इथलीही दिवस मोजत असेल. शेवटच्या आठवड्यात कास भरते, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे सांधे सैल पडून खळगे दिसायला लागतात. ते दिसले की लेकीला घेऊन मुक्कामाला जा, शाळा दोन दिवस बुडली तरी चालेल. रात्रीही वितात. वासरू बाहेर आलं की तोंड-नाक पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं, गाईला चाटू द्यायचं, आणि वार पडायची वाट न बघता पहिल्या तासात आचळाला लावायचं. आपोआप उभं राहिलं नाही तर एकाने मागून कंबरेला आधार द्यायचा. ते काम लेकीला द्या. खरवसाचं दूध दुसऱ्या दिवशीच्या धारेचं घ्या, तोपर्यंत वासराचं पोट भरलेलं असतं.